घाटा

माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहायचे असं ठरलेलं.
जिल्हा बँकेत चौतीस वर्षं कर्जरोखे लिहिले,
आता कॉलनीचे अर्ज.

मा. पोलीस निरीक्षक साहेब, धरणगाव.
विषय : टाकीमागच्या मोकळ्या जागेतील
असामाजिक तत्त्वांचा बंदोबस्त होणेबाबत.
खांबावरचे बल्ब फोडले, नग आठ.
बाटल्यांच्या काचा. हिलाल भदाण्यांच्या म्हशीचा खूर फाटला.
रात्री एक वाजता बुलेटचे फटाके,
सुकलाल अप्पांचं छातीचं ऑपरेशन झालेलं,
ते दोन्ही कानांवर उशी धरून
पहाटेपर्यंत बसून असतात.
भदाण्यांच्या प्रणालीने क्लास सोडला.
हे वाक्य तीनदा खोडलं,
शेवटी "मुलींना त्रास" एवढंच ठेवलं.

सह्या सदतीस.
साहेबांनी पंखा वाढवला, म्हणाले,
नावं द्या.

नावं.
सगळे पंख्याकडे पाहू लागले.
नावं तर चौकात टांगलेली होती वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर,
लोकेशभाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,
खाली शुभेच्छुक म्हणून आमचेच बारके फोटो,
माझाही, चष्म्यावर फ्लॅश पडलेला.
तलवारीने केक कापला
तेव्हा टाळ्या कोणाच्या होत्या?
असामाजिक म्हणे.
समाज तर अख्खा हजर होता,
क्रीम चाटून गेला.

अर्जाची घडी खिशात राहिली. तिथेच मळली.

एप्रिलात केवळबाईला जागा हवी होती.
एवढंच.
मीटिंगला तिला कोणी बोलावलं नव्हतं,
अंगठा घ्यायलाही कोणी गेलं नव्हतं.
लेकाच्या घरावर पत्रे, गच्ची नाही,
आणि बिबड्यांची ज्वारी भिजून, दळून तयार.
पहाटे साडेतीनला टाकीमागे तिने
खराट्याने काचा लोटल्या,
तीन दगड मांडले, पातेलं चढवलं.
पोरं तिथेच होती, कट्ट्यावर.
मी खिडकीतून पाहत होतो.
खरं सांगतो, दिवा न लावता.

"बाई, इतल्या राते काय करी राहिनी?"
"घाटा."

बँकेत घाटा म्हणजे लाल शाई.
तिचा घाटा बुडबुडत होता, वास येत होता ज्वारीचा, जिऱ्याचा.

"आठे ये. धर हाई. गुठळी होवाले नको."

लोकेशने मोबाईल दुसऱ्याच्या हातात दिला
आणि लाकूड धरलं.
घाटा घट्ट होत जातो तो आधी खांद्याला कळतो.
बाकीचे हसले.
एक जण किक मारून निघाला, मुद्दाम तीन फटाके वाजवत.
बाईने मान वर केली नाही.

पाचला वाटीत गरम घाटा, वर तेल, तिखट.
दुसऱ्या दिवशी चार बायका,
आठवड्याने अठरा,
ओल्या धोतरांवर गोल गोल बिबडे,
आणि कुत्री हाकलायला तीच पोरं,
झोपेने डोळे लाल.

बावीस दिवस चाललं हे.
मग ज्वारी संपली.

नववा बल्ब जूनमध्ये फुटला.
मी शिडी लावली, लोकेशने खालून धरली.
कोणी फोडला, मी विचारलं नाही.
त्याला माहीत होतं.
शिडी थोडी हलली.

काल रात्री एकला पुन्हा फटाके,
गाडीवर तिघं, तोंडाला रुमाल.
मधला कोण, ते ओळखायला
मी खिडकीत जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

केवळबाईने डबा दिलाय बिबड्यांचा.
मीठ किंचित पुढे आहे.

आणि प्रणाली अजूनही कॉलेजला
जिनिंगच्या मागून जाते, लांबच्या रस्त्याने.
बावीस दिवसांत तिच्यासाठी काही बदललं का,
हे आम्ही अठरा बायकांत, सदतीस सह्यांत
कोणी विचारलंच नव्हतं.

आज गेलो. कोरा कागद पुढे ठेवला.
म्हटलं, बेटा, काय लिहू?

बराच वेळ ती ओढणीचा धागा ओढत राहिली.
मग म्हणाली,
काका, सांगते मी.
तुम्ही फक्त लिहा. खोडू नका.